गुडघ्यातली कूर्चा, तिच्याखालचं हाड आणि स्कॅफोल्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत हाड आणि कूर्चेसाठी स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना वाढायला आधार, बनवण्याचं काम करते. मी डॉक्टर नाही. तुमचा एमआरआय बघून सल्ला देणं हे माझं काम नाही आणि ते मी इथे करणारही नाही. पण नातेवाईक, शेजारी, त्यांचे ओळखीचे असे सगळे मिळून मला जे प्रश्न विचारतात, ते आता इतके पाठ झाले आहेत की एकदा सविस्तर उत्तरं लिहून ठेवलेली बरी.

डॉक्टर म्हणाले, "गुडघ्यातली गादी झिजली." ही गादी म्हणजे नेमकं काय?

दवाखान्यात 'गादी' हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात. हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, गुडघ्याच्या दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती म्हणजे मेनिस्कस, आणि मणक्यांमधली चकती. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून कोणती गादी ते आधी विचारून घ्या. इथे आपण पहिलीबद्दल बोलतोय. तिला कुणी कास्थी म्हणतं, कुणी उपास्थी. मी कूर्चा म्हणणार आहे.

कूर्चा बघायची असेल तर मटणाच्या दुकानात जा. नळीचं जे टोक दुसऱ्या हाडाला भिडतं, तिथे निळसर पांढरा, मोत्यासारखा चमकणारा थर असतो. त्यावर ओलं बोट फिरवलं की ते घसरतं. माणसाच्या गुडघ्यात हा थर साधारण २ ते ४ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यात ६५ ते ८० टक्के पाणीच असतं. एवढं पाणी धरून ठेवणारे अ‍ॅग्रेकन नावाचे मोठे रेणू भिजवलेल्या सब्जासारखे फुगायला बघतात, आणि टाइप २ कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची जाळी त्यांना फुगू देत नाही. या ओढाताणीतूनच कूर्चेला ताठपणा येतो. साधं चालतानासुद्धा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार येतो, जिना उतरताना तिपटीहून जास्त. तो पेलतो हा एवढासा थर.

हात कापला तर जखम भरते, हाड मोडलं तर जुळतं. मग कूर्चाच का भरून येत नाही?

कारण तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. जखम भरण्याची सुरुवात रक्त गोठण्यापासून होते. त्या गाठीतून बोलावणं जातं आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशी धावत येतात. कूर्चेत हे बोलावणंच जात नाही. तिच्या स्वतःच्या पेशी, म्हणजे काँड्रोसाइट, आकारमानाच्या जेमतेम काही टक्के असतात आणि ज्या जाळीत राहतात तिच्यातून त्यांना हलता येत नाही. नसाही नाहीत, त्यामुळे सुरुवातीला दुखतही नाही. दुखायला लागतं तेव्हा बहुधा खालच्या हाडापर्यंत किंवा सांध्याच्या अस्तरापर्यंत प्रकरण गेलेलं असतं.

विल्यम हंटर या शरीररचनातज्ज्ञाने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं: कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा येत नाही. आमची सगळी धडपड या एका वाक्याला अपवाद शोधण्याची आहे.

स्कॅफोल्ड म्हणजे काय?

इमारत बांधताना गवंडी ज्यावर उभे राहतात ती परांची, हा स्कॅफोल्डचा शब्दशः अर्थ. मला मात्र परसातल्या दोडक्याच्या वेलाचा मांडव जास्त जवळचा वाटतो. वेल मांडवाने वाढवलेला नसतो, तो आपला आपण वाढतो. मांडव त्याला फक्त दिशा आणि आधार देतो. स्कॅफोल्ड म्हणजे पेशींसाठी असा सच्छिद्र आधार. पेशी त्यावर चढतात, पसरतात, स्वतःचं कोलॅजन विणतात, आणि तोवर आधार हळूहळू विरघळून जातो. मांडवापासून तो वेगळा ठरतो तो इथेच. हंगाम संपल्यावर तो कुणाला काढावा लागत नाही.

प्रत्यक्षात तो कसा दिसतो हे लोकांना नेहमी बघायचं असतं. कोलॅजनचा स्कॅफोल्ड बनवताना आधी कोलॅजनचं पातळ द्रावण गोठवतात. आत बर्फाचे स्फटिक होतात. मग निर्वातात तो बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो आणि जिथे स्फटिक होता तिथे छिद्र उरतं. सावकाश गोठवलं तर स्फटिक मोठे आणि छिद्रंही मोठी, झटपट गोठवलं तर बारीक. यंत्रातून बाहेर येते ती पांढरी, बत्ताशासारखी हलकी चकती. चिमट्यात धरली तर वजन जाणवत नाही. तिच्यावर रंगीत पाण्याचा थेंब टाकून मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघते, थेंब झपकन आत शोषला गेला का. गेला, तर छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत. वरच बसून राहिला, तर आत पेशीही जाणार नाहीत आणि अन्नपाणीही नाही. आंबोळीला जाळी पडली की आमटी आत मुरते, नाहीतर वरून ओघळते, तसंच हे.

तो कशापासून बनवतात? कायमचा आत राहतो का?

कूर्चेसाठी कोलॅजन, हायलुरोनिक आम्ल, रेशमातलं फायब्रोइन, कायटोसान असे पदार्थ. हाडासाठी हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखे क्षार, किंवा बायोग्लास. बायोग्लास १९६९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी शोधली. हाडाला घट्ट चिकटणारी ही पहिली काच. दोन्हींकडे चालणारं कृत्रिम बहुवारिक (पॉलिमर) म्हणजे पीएलजीए. विरघळणारे टाके ज्या कुळातल्या पदार्थांचे असतात, त्याच कुळातलं हे. शरीरात त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं आणि ते पचून जातं. तुकडा मोठा असेल तर मात्र हे आम्ल एका जागी साचून सूज येऊ शकते.

विरघळण्याचा वेग हीच खरी मेख आहे. लवकर विरघळला तर नवी ऊती तयार व्हायच्या आत आधार गेला. उशिरा विरघळला तर नव्या ऊतीला जागाच नाही. कूर्चेतला खड्डा बुजवणारं एक कृत्रिम बुच युरोपात काही वर्षं बरंच वापरलं गेलं. त्याच्याखाली हाड भरायला फार वेळ लागतोय, काहींच्या बाबतीत पोकळीच राहतेय, असं दिसलं आणि ते मागे पडलं. प्रयोगशाळेतल्या बशीत उत्तम वागणारा पदार्थ सांध्यात तसाच वागेल याची खात्री नसते, हे मी माझ्या कामात रोज लक्षात ठेवते.

डुकराचं किंवा गाईगुरांचं काही वापरलेलं असतं का?

हा प्रश्न लोक संकोचाने, हळू आवाजात विचारतात. खरं तर मोकळेपणाने विचारावा. हो, असू शकतं. कूर्चेच्या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे काही प्रसिद्ध कोलॅजन पडदे डुकराच्या ऊतीपासून बनवलेले आहेत, काही पदार्थांत गुरांचं कोलॅजन असतं. शुद्ध करताना पेशी काढून टाकतात, त्यामुळे शरीराने नाकारण्याचा धोका फार कमी होतो. पण धर्मामुळे, आहाराच्या नियमांमुळे किंवा अ‍ॅलर्जीमुळे तुम्हाला ते नको असेल तर तो निर्णय तुमचा आहे आणि शस्त्रक्रियेच्या आधी घ्यायचा आहे. डॉक्टरांकडे पदार्थाचं माहितीपत्रक मागा, स्रोत त्यात लिहिलेला असतो.

आत पेशीही घालाव्या लागतात का? त्या कुठून आणतात?

इथे थोडा इतिहास सांगते, कारण या क्षेत्रातला सगळ्यात सुरेख भाग हाच आहे.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९८७ मध्ये एका रुग्णाच्या स्वतःच्या काँड्रोसाइट काढून, प्रयोगशाळेत वाढवून, त्याच्याच गुडघ्यात परत सोडल्या गेल्या. ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले आणि जगभर खळबळ उडाली. त्या पद्धतीत स्कॅफोल्ड नव्हता. नडगीच्या हाडावरचं आवरण काढून ते कूर्चेतल्या खड्ड्यावर बारीक टाक्यांनी शिवायचं आणि त्याखाली पेशींचं द्रव सोडायचं. टाके नाजूक, पेशी बाहेर ओघळायची भीती, आणि शिवलेलं आवरण कधी फुगून दाट व्हायचं.

पुढची पायरी म्हणजे पेशी आधीच कोलॅजनच्या पडद्यावर रुजवायच्या. पडदा खड्ड्याच्या मापाने कापायचा आणि फायब्रिनच्या गोंदाने चिकटवायचा. याला मॅसी म्हणतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता दिली. दोन शस्त्रक्रिया लागतात. पहिल्यात दुर्बिणीतून कूर्चेचा बारीकसा तुकडा काढतात, मग काही आठवडे पेशी वाढवतात, दुसऱ्यात बसवतात.

युरोपात १४४ रुग्णांवर मॅसी आणि मायक्रोफ्रॅक्चर (खड्ड्याच्या तळाशी हाडाला नुसती छिद्रं पाडण्याची पद्धत) यांची तुलना झाली. दोन वर्षांनी दुखणं आणि हालचाल या दोन्हींत मॅसीचे रुग्ण पुढे होते. पण भरून आलेल्या ऊतीचा दर्जा तपासला तेव्हा दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. जाहिरातीत पहिलं वाक्य सापडेल, दुसरं सापडणार नाही. मला दोन्ही महत्त्वाची वाटतात.

आणि नाक! स्वित्झर्लंडमधल्या बासेलला इव्हान मार्टिन यांच्या गटाने नाकाच्या पडद्यातली कूर्चा घेतली, तिच्या पेशी कोलॅजनवर वाढवून अक्षरशः कूर्चेचा तुकडा तयार केला आणि तो गुडघ्यात बसवला. पहिल्या १० रुग्णांचे निकाल २०१६ मध्ये आले. नाकातल्या पेशी घ्यायला सोप्या, गुडघ्याला नवी इजा नाही, आणि वय वाढलं तरी त्या चांगल्या वाढतात. हे अजून अभ्यासाच्या टप्प्यावर आहे, पण ते पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पेशींशिवायही स्कॅफोल्ड वापरतात. खड्ड्याच्या तळाशी हाडाला बारीक छिद्रं पाडायची, वर कोलॅजनचा किंवा हायलुरोनिक आम्लाचा पडदा बसवायचा. मज्जेतून रक्ताबरोबर पेशी वर येतात आणि पडद्यात अडकतात. एकच शस्त्रक्रिया, खर्चही कमी.

मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात ते हेच का?

मायक्रोफ्रॅक्चर म्हणजे नुसती छिद्रं, वर पडदा नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी ही पद्धत रुजवली. सोपी आणि स्वस्त आहे, लहान खड्ड्यांना पहिली काही वर्षं चांगला आराम देते. पण भरून येते ती तंतुमय कूर्चा, तिच्यात टाइप १ कोलॅजन जास्त. दिसायला भरलेली, पण मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नाही. म्हणून खड्डा २ चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर दुसऱ्या पद्धतींचा विचार करतात.

कूर्चेबरोबर खालचं हाडही खराब झालं असेल तर?

तर नुसता पडदा चिकटवून भागत नाही. शेणाने सारवलेली जमीन खालून खचली असेल तर वरून कितीही सारवलं तरी पुन्हा भेग पडतेच. इथे दोन किंवा तीन थरांचे स्कॅफोल्ड लागतात. वर मऊ कोलॅजन, खाली खनिजयुक्त टणक भाग. दोन थरांमधला सांधा हे आमच्या कामातलं सर्वांत अवघड ठिकाण. मऊ आणि टणक जिथे भेटतात तिथे ते सुटू शकतात. निसर्गाने स्वतः तिथे खनिज चढलेल्या कूर्चेचा एक पातळ, लाटांसारखा वळणावळणांचा थर ठेवलाय. त्याची नक्कल अजून कुणालाच नीट जमलेली नाही.

या वर्गातला एक पदार्थ समुद्रातून आला आहे. प्रवाळाचा, म्हणजे आपल्या पोवळ्याच्या नातेवाइकांचा, सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा असतो. तो कॅल्शियम कार्बोनेटचाच एक प्रकार, आणि त्याची छिद्रं हाडाच्या छिद्रांसारखी एकमेकांना जोडलेली. त्यापासून इस्रायलमध्ये विकसित केलेल्या बुचाची २५१ रुग्णांवर चाचणी झाली आणि मार्च २०२२ मध्ये एफडीएची मान्यता मिळाली. विशेष म्हणजे सौम्य ते मध्यम संधिवात असलेले गुडघेही त्या चाचणीत होते. एरवी अशा चाचण्यांत त्यांना दारातूनच परत पाठवतात.

फक्त हाडासाठी स्कॅफोल्ड वापरतात का?

सर्रास वापरतात. हाडात रक्त खेळतं, त्यामुळे काम पुष्कळ सोपं. गाठ काढल्यावर राहिलेली पोकळी, दात काढल्यावर जबड्याचा खड्डा, अशा जागी दाणे किंवा ठोकळे भरतात. दाताच्या डॉक्टरांनी तुम्हाला 'हाडाची पावडर' भरली असेल, तर तुम्ही स्कॅफोल्ड वापरून बसलाही आहात. नव्या हाडासाठी छिद्रं निदान १०० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि ३०० च्या वर असली तर आणखी बरी, कारण आत रक्तवाहिन्या शिरायला हव्यात. मोठी पोकळी असेल तर रुग्णाच्या कंबरेच्या हाडातला तुकडा हाच अजूनही सर्वांत भरवशाचा माल आहे.

आपल्याकडचं एक काम आवर्जून सांगते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधनातून रेशमाच्या फायब्रोइनवर आधारित हाड-भरणी पुढे आली आणि डॉ. अनुया निसळ यांनी ती सेरिजेन या कंपनीतून रुग्णांपर्यंत न्यायचा मार्ग धरला. जो तंतू पैठणीत आहे त्याचंच प्रथिन शुद्ध करून हाडाच्या पोकळीत बसवायचं, ही कल्पना मला अजूनही थक्क करते.

माझं वय ६७. दोन्ही गुडघे झिजलेत. मला स्कॅफोल्ड बसवता येईल का?

हा प्रश्न मला सर्वांत आधी आईने विचारला. "अगं, तू रोज गुडघ्यांचंच काम करतेस, मग माझ्या गुडघ्यात का नाही बसवत?" ती भाजी निवडत होती आणि पाय लांब करून बसली होती, कारण मांडी घालता येत नाही. मी नाही म्हटलं. घशाशी आलं, पण नाहीच म्हणावं लागलं.

स्कॅफोल्ड खड्डा बुजवण्यासाठी आहे. खड्ड्याभोवतीचा रस्ता धड हवा, म्हणजे नव्या भरणीला कडेचा आधार मिळतो आणि सगळा भार तिच्यावर पडत नाही. सर्वदूर झिजलेल्या गुडघ्यात दोन्ही हाडांवरचा थर गेलेला असतो, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला असतो, आतल्या द्रवात सूज वाढवणारे रेणू असतात. तिथे नवी ऊती तग धरत नाही. अशा गुडघ्याला वजन, व्यायाम, औषधं, पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया आणि शेवटी सांधेबदल हे मार्ग आहेत. सांधेबदल हा कमी प्रतीचा उपाय अजिबात नाही. आईने पुढच्या वर्षी करून घेतला आणि आता ती जिना चढते.

मग उपयोग कुणाला?

साधारणपणे तरुण किंवा मध्यमवयीन माणसाला, ज्याला कबड्डीत, दुचाकीवरून पडून किंवा हाडाच्या आजाराने एका जागी खोल खड्डा पडलाय. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१७ मध्ये पेशींच्या उपचारासाठी घातलेल्या अटी चांगली कल्पना देतात: खड्डा २ चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा, त्या गुडघ्यात आधी कूर्चेची दुरुस्ती झालेली नसावी, आणि संधिवाताची झीज अगदी कमी. त्याबरोबर लिगामेंट फाटलेलं असेल किंवा पाय वाकडा असेल तर तेही दुरुस्त करावं लागतं. नाहीतर ज्या कारणाने पहिला थर गेला त्याच कारणाने दुसराही जाईल.

थ्रीडी प्रिंटरवर कूर्चा छापतात असं ऐकलं. आणि तो पाठीवर कान असलेला उंदीर?

उंदीर खरा होता. व्हकान्टी आणि सहकाऱ्यांचं ते काम १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. कानाच्या आकाराच्या विरघळणाऱ्या स्कॅफोल्डवर वासराच्या कूर्चेच्या पेशी लावून तो उंदराच्या कातडीखाली ठेवला होता. त्या कानाला ऐकू येत नव्हतं आणि तो उंदराचा नव्हताच. छपाईचं काम आपल्याकडेही चाललंय. आयआयटी दिल्लीत सौरभ घोष यांच्या गटाने रेशीम आणि जिलेटिनच्या शाईत पेशी घालून कूर्चेसारखी ऊती छापली आहे. ठरलेला उपचार म्हणून गुडघ्यात बसवण्याच्या टप्प्यावर हे आलेलं नाही.

कोलॅजनची पावडर किंवा पाया सूप घेतलं तर कूर्चा भरेल?

नाही. पोटात गेलं की त्याचं पचन होऊन अमिनो आम्लं आणि लहान तुकडे होतात. ते खड्ड्याचा पत्ता शोधत जात नाहीत. पाया आवडत असेल तर जरूर प्या.

'स्टेम सेलच्या एका इंजेक्शनने नवी गादी' अशी जाहिरात बघितली. जाऊ का?

आधी थांबा. २०१९ च्या नियमांनुसार भारतात पेशींपासून बनवलेली उत्पादनं नवं औषध समजली जातात आणि त्यांना केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की मान्यता नसलेला स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करावा, आणि चाचणीत रुग्णाकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नसतात. म्हणून तीन गोष्टी लेखी मागा: उत्पादनाचं नाव, मान्यतेचा किंवा चाचणीच्या नोंदणीचा क्रमांक, आणि ते ज्या आजारासाठी मान्य आहे त्याचं नाव. चाचणीचा क्रमांक तुम्ही स्वतः सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर तपासू शकता. 'आमच्याकडे सगळं होतं, काळजी नको' हे उत्तर मिळालं तर तिथून निघा. दागिने मोडून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मांडी कधी घालता येईल?

लोकांना वाटतं शस्त्रक्रिया झाली की संपलं. तिथे तर सुरुवात होते. नवी ऊती पहिल्या आठवड्यांत अगदी मऊ असते, घट्ट लागलेल्या दह्याइतपत. साधारण ६ ते ८ आठवडे कुबड्या, पायावर भार टप्प्याटप्प्याने. पण पाय नुसता ठेवूनही चालत नाही. हळुवार वाकवणं-सरळ करणं लवकर सुरू करतात, कारण कूर्चेला रक्त नाही, तिचं अन्नपाणी सांध्याच्या द्रवातून येतं आणि ते हालचालीनेच आत-बाहेर होतं. फिजिओथेरपी चुकवणं म्हणजे लावलेल्या रोपाला पाणी न घालणं. उड्या आणि धावण्याचे खेळ साधारण वर्षभरानंतर.

मांडीची परवानगी बरीच उशिरा मिळते. उकिडवं बसणं त्याहून उशिरा, आणि खड्डा वाटीच्या मागे असेल तर काहींना ते कायमचं टाळायला सांगतात. घरी भारतीय बैठकीचा संडास असेल, शेतात खुरपणीला बसावं लागत असेल, नमाज किंवा पूजेला जमिनीवर बसण्याची सवय असेल, तर हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. खुर्चीवरून काम होणाऱ्या माणसाचं वेळापत्रक आणि तुमचं वेळापत्रक सारखं नसतं, आणि खड्डा नेमका कुठे आहे यावर ते आणखी बदलतं.